फरशी आधी की शेवटी?

हिंगोली जिल्ह्यात हळदीचा पैसा हातात येतो तो उन्हाळ्यात. हळद उकडून, वाळवून, ढोलात फिरवून बाजारात गेली, अडत्याकडून पट्टी मिळाली, की पहिल्या पावसापर्यंतचे दिवस घराच्या कामाचे असतात. 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या हळदीवर उभ्या राहिलेल्या घरांसमोर या दिवसांत मोरबीच्या टाइल्सची खोकी उतरताना दिसतात. 'यंदा फक्त फरशी बसवायची' असं ठरवून काम सुरू होतं. मग दरवाजे घासू लागतात, न्हाणीचा उतार उलटा होतो, जुनी वायर उघडी पडते, भिंती मळकट दिसू लागतात आणि फरशीचं काम घरभर पसरतं.

हे पसरणं टाळता येत नाही, असं माझं मत आहे. त्याचा क्रम मात्र ठरवता येतो आणि घर तरणार की कर्जात जाणार हे त्या क्रमावर अवलंबून असतं. खालचा संवाद त्या क्रमाविषयी आहे. वहिनी वसमत भागातल्या एका गावात शेत आणि घर दोन्ही सांभाळतात. त्यांचे दीर, म्हणजे भाऊजी, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. सासूबाईंना वहिनी आत्याबाई म्हणतात. दोघंही प्रातिनिधिक आहेत. त्यांचं घर मात्र इथल्या कोणालाही ओळखीचं वाटेल: पुढे दगड-मातीच्या भिंतींच्या दोन जुन्या खोल्या आणि ओसरी, मागे नंतर बांधलेल्या विटा-सिमेंटच्या, स्लॅबच्या दोन खोल्या. पुढे शहाबादी, मागे कोबा.

वहिनी : भाऊजी, यंदा पट्टी बरी आली. चारही खोल्या आणि ओसरी, सगळीकडं व्हिट्रिफाइड टाकायची ठरवलंय. मिस्त्री माप घेऊन गेला. तुम्ही तेवढं दुकानात सोबत चला.

भाऊजी : येतो की. पण आधी मला सांगा, आत्ताची फरशी काढायची कशासाठी?

वहिनी : मधल्या खोलीत शहाबादी डुगडुगते. दरजांतून मुंग्या माती वर काढतात. पावसाळ्यात खालून ओल येते, म्हणून धान्याची पोती फळ्यांवर ठेवावी लागतात. मागं तर कोबा उखडलाय. रोज झाडावं आणि रोज पोपडे निघावेत. आत्याबाईंचा पाय दोनदा त्या खड्ड्यात मुरगळला. एवढी कारणं पुरेत का?

भाऊजी : पुरेत. पण ही सगळी कारणं फरशीच्या खाली आहेत, वहिनी. वरची बदलून ती जाणार नाहीत. घर बांधलं तेव्हा जोत्यात भराव कसला टाकला होता, माहीत आहे?

वहिनी : शेतातलीच माती. दुसरं काय असणार त्या काळात?

भाऊजी : तेच तर. आपली काळी माती बेसाल्टच्या खडकापासून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच गुणानं. कपाशीला हा गुण चांगला, घराच्या भुईला वाईट. घराखालची मातीसुद्धा दर पावसाळ्यात वर येते आणि दर उन्हाळ्यात खाली बसते. शहाबादीचे सुटे तुकडे मातीबरोबर हलले, डुगडुगले, पण फुटले नाहीत. मिस्त्री आला की उचलून पुन्हा बसवता आले. त्याच जागी दोन बाय चारची टाइल घट्ट चिकटवली, तर तिला हलायला जागाच नाही. ती पोकळ वाजेल, नाहीतर मधोमध तडकेल.

वहिनी : म्हणजे करायचं काय? घर सोडून जायचं?

भाऊजी : ओल कुठून येते ते आधी शोधायचं. आपल्या न्हाणीचं पाणी मागच्या भिंतीच्या कडेनं वाहतं. पत्र्याच्या पागोळ्या थेट जोत्याशी पडतात. ते पाणी पाइपानं, नालीनं दूर न्यायचं. घराभोवती दोन-तीन फुटांचा पक्का पट्टा बाहेरच्या बाजूला उतार देऊन करायचा, म्हणजे माती सारखी भिजणार-वाळणार नाही. मग आतली काळी माती दीड-दोन फूट उपसायची आणि मुरूम भरायचा. तोही एकदम नाही, वीतभर थर टाकून, पाणी मारून, धुमसानं ठोकून. त्यावर दगडांचं सोलिंग, वर काँक्रीट. फरशी त्यानंतर.

वहिनी : बघा, फरशीचं नावही घेतलं नाही तोवर तुमची पाच कामं निघाली. भाऊजी, मला या घरात येऊन इतकी वर्षं झाली, मी हेच ऐकत आलेय. आधी नाली, आधी भिंत, आधी मुरूम. आणि खरं सांगू? आधी विहीर, आधी मोटार, आधी ठिबक. शेतात पैसा घालायचा म्हटलं की कोणी विचारत नाही, त्याच्या आधी काय करायचं. घरात घालायचा म्हटलं की यादी निघते. पुढच्या खोल्यांत शहाबादी येण्याआधी आत्याबाई शेणानं सारवायच्या, मीही सारवलंय. गुडघ्यावर बसून खोलीभर हात फिरवायचा, सणाच्या आधी, पाहुण्यांच्या आधी, लग्नाच्या आधी. भुई चोपायची, पावसाळ्यात ती पुन्हा उखडायची. आमच्या दोघींच्या कंबरेला जे झालं, त्याचा हिशोब कोणत्या अंदाजपत्रकात आला?

भाऊजी : कुठंच आला नाही, हे मान्य. तुमच्या बाजूचा एक पुरावा मीच देतो. मेक्सिकोत कोआविला नावाच्या राज्यात 2000 साली सरकारनं गरिबांच्या घरांत मातीच्या जागी सिमेंटची भुई करून द्यायला सुरुवात केली. पुढं अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तो 2009 मध्ये छापून आला. जिथं मातीची भुई पूर्ण झाकली गेली, तिथल्या मुलांमधला जंतांचा त्रास 78 टक्क्यांनी, अतिसार 49 टक्क्यांनी आणि रक्तक्षय 81 टक्क्यांनी घटला, असं त्यात निघालं. मुलांची समज वाढली, आयांचा ताण आणि उदासीही कमी झाली.

वहिनी : मग?

भाऊजी : मग एवढंच, की ती साधी सिमेंटची भुई होती, चकाकणारी टाइल नव्हती. रांगणाऱ्या मुलाला कोरडी, धुता येणारी, अखंड भुई मिळाली, फायदा तिचा झाला. ओल न काढता वर टाइल लावली, तर हा फायदाही अर्धाच मिळेल.

वहिनी : हे पटलं. घरकुलांतही मी तेच बघते. सरकारी अनुदानात निदान 25 चौरस मीटरचं घर उभं करायचं, म्हणजे भिंती आणि छत होईस्तोवर पैसा संपतो आणि भुई कशीबशी कोब्यावर येऊन थांबते. तरी ती बाई खूश असते, कारण सारवण सुटलं. माझं म्हणणं तेच आहे, भाऊजी. फरशी म्हणजे थाट नाही. रोजचं काम त्या भुईवरच होतं.

भाऊजी : फरशी करूच नका असं मी म्हणतच नाही. कामांत ती शेवटी यावी, एवढंच म्हणतो. का, ते आपल्याच घरात दाखवतो. तुमचा मिस्त्री काय म्हणाला, जुनी काढायची की जुनीवरच बसवायची?

वहिनी : जुनीवरच. फोडायची मजुरी वाचते, राडारोडा होत नाही म्हणाला.

भाऊजी : टाइल आणि चिकटवायचा मसाला मिळून अर्धा-पाऊण इंच, वाळू-सिमेंटवर बसवली तर दोन इंच भुई वर येणार. आता मोजा. सगळे दरवाजे खालून कापावे लागतील. मागच्या खोलीचा जिना वर जातो, त्याची पहिली पायरी दोन इंचांनी बुटकी होईल. माणूस जिना न बघता चढतो, पायाला सवय असते. एक पायरी वेगळी झाली की ठेच लागते, आणि घरात म्हातारं माणूस आहे. स्वयंपाकाचा ओटा आहे तिथंच राहील, पण भुई वर आल्यानं तुम्हाला वाकून काम करावं लागेल. न्हाणी खोलीपेक्षा खाली असायला हवी, ती आपोआप आणखी खाली जाईल, तिथं पाय अडखळेल. न्हाणीतही वर भरलं, तर नळ, जाळी, पाइप सगळं हललं. आणि ज्या डुगडुगत्या शहाबादीवर हे सगळं चिकटवणार, ती खाली डुगडुगतच राहणार.

वहिनी : ओट्याचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. जिन्याचंही नाही.

भाऊजी : ही झाली फरशीनं स्वतः लादलेली कामं. दुसरी कामं फरशीखाली गाडली जाणारी. न्हाणीचा पाइप मागच्या खोलीखालून जातो, तो जुना लोखंडी आहे. तो बदलायचा असेल तर आत्ताच. बदलल्यावर तोंड बंद करून रात्रभर पाणी भरून ठेवायचं, सकाळी पातळी उतरली नसेल तरच वर काँक्रीट. वायरिंग भिंतीत घालायचं तर खाचा पाडाव्या लागतात, तो मलबा नव्या फरशीवर पाडणार का? अर्थिंगही तेव्हाच. वाळवीची फवारणी भराव उघडा असतानाच होते. टाइल लागल्यावर यातलं काहीही करायचं म्हणजे फरशी फोडणं. आणि वर्षभरानं त्याच रंगाची टाइल दुकानात मिळत नाही. म्हणून दहा टक्के जास्तीची आधीच घेऊन ठेवायची.

वहिनी : आणि तिसरी कामं असतील ना? शेजारी बघितली मी ती. फरशी झाली, मग भिंती जुन्या वाटल्या म्हणून रंग. रंग झाला म्हणून पीओपीचं छत, मग सोफा, मग टीव्हीमागं लाकडाचं कपाट. नव्या फरशीवर जुनी लोखंडी खाट बरी दिसत नाही म्हणाले. शेवटी सोसायटीचं कर्ज फिरवायला सावकाराकडं गेले.

भाऊजी : याला नाव आहे, वहिनी. अठराव्या शतकात दनी दिदरो नावाचा फ्रेंच लेखक होता, विश्वकोशाचा संपादक. त्याला एक भारी झगा भेट मिळाला. त्याच्यापुढं खुर्ची, टेबल, भिंतीवरची चित्रं, सगळंच हलकं वाटू लागलं आणि एकेक बदलत गेलं. जुन्या झग्याची आठवण काढून त्यानं त्यावर लेख लिहिला. पुढं 1988 मध्ये ग्रँट मॅक्रॅकन नावाच्या अभ्यासकानं अशा साखळीला 'दिदरो परिणाम' असं नाव दिलं. नवी वस्तू एकटी राहत नाही, ती सोबती मागते.

वहिनी : त्याच्या झग्याची आणि माझ्या फरशीची बरोबरी करू नका. झगा जुना होता तेव्हाही तो माणूस उबेत होता. माझ्याकडं फरशीमागून जे येईल, त्यातलं निम्मं आधीच व्हायला हवं होतं. मागं कोबा केला तेव्हा काय झालं आठवा. भुई धुता येते म्हटल्यावर उभ्यानं करायचा ओटा आला. ओटा आला म्हणून गॅस भिंतीपासून नीट लागला, पाण्याचा नळ आत आला. तोवर आम्ही चुलीपुढं बसून धूर खात होतो. भुईनं ही कामं मागून घेतली म्हणून झाली, नाहीतर कोणाला सुचलं असतं? साखळी वाईटच असते असं नाही, भाऊजी. कधी कधी तिच्यामुळंच बाईचं काम हलकं होतं.

भाऊजी : हे मी कधी या बाजूनं बघितलं नव्हतं.

वहिनी : मग आता बघा. तुमच्या हिशोबात मागून येणारं प्रत्येक काम म्हणजे वाढीव खर्च. माझ्या हिशोबात दोन जाती आहेत. एक, जे केल्यानं माझे, आत्याबाईंचे, पोरींचे कष्ट किंवा धोका कमी होतो. दुसरी, जे केल्यानं खोली फक्त पाहुण्याला बरी दिसते. पहिल्या जातीला मी खर्च म्हणत नाही.

भाऊजी : ही वाटणी माझ्या यादीपेक्षा चांगली आहे. मग आता मला सगळ्यात जड गोष्ट बोलू द्या. 21 मार्च 2024 ची सकाळ आठवते?

वहिनी : कशी विसरेन? सहा वाजून गेले होते. भांडी वाजली, आम्ही सगळे अंगणात. थोड्या वेळानं पुन्हा हादरलं.

भाऊजी : पहिला धक्का 4.5 रिश्टरचा, दुसरा 3.6 चा. 10 जुलैला पुन्हा 4.5. वसमत, औंढा, कळमनुरीच्या पट्ट्यात जमिनीतून आवाज येतात, पांगरा शिंदेच्या लोकांना ते वर्षानुवर्षं परिचयाचे आहेत. मोठी हानी झाली नाही, पण आपल्या पुढच्या दोन खोल्यांच्या भिंती दगड-मातीच्या आहेत. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत हजारो माणसं गेली, ती बहुतेक अशाच जाड भिंतींच्या आणि माळवदाच्या मातीच्या ओझ्याखाली. आपलं माळवद उतरवून पत्रा टाकला, निम्मं काम झालं. पण भिंतीचे आतले-बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नाहीत. किल्लारीनंतर जे उपाय सांगितले गेले, ते हेच: भिंतीत आरपार जाणारे दगड किंवा काँक्रीटचे बंध घालायचे, चौकटीच्या वर चारही भिंतींना एकत्र धरणारा पट्टा द्यायचा, वरचं वजन कमी करायचं. त्या खोल्यांत भुई उपसतानाही भिंतीच्या पायापेक्षा खोल जायचं नाही आणि सगळी खोली एकदम उकरायची नाही, तुकड्या-तुकड्यानं करायची. अशा भिंतींच्या मधे महागडी टाइल लावणं मला पटत नाही. आधी भिंत.

वहिनी : भिंतीवर कमी-जास्त बोलणार नाही. जिवाशी खेळ नको. पण म्हणून मागच्या खोल्या का थांबवायच्या? त्या विटांच्या आहेत, स्लॅबच्या आहेत. माझा दिवस तिथं जातो. आत्याबाई तिथं झोपतात, पोरी तिथं अभ्यास करतात, स्वयंपाक तिथं. मीच चुकीच्या टोकाकडून सुरुवात करत होते म्हणा, पुढच्या खोल्यांत पाहुणे बसतात म्हणून. यंदा मागच्या दोन. पुढच्या खोल्यांच्या भिंती पुढच्या हळदीवर, फरशी त्यानंतरच्या.

भाऊजी : तुकड्या-तुकड्यानं केलं की लेव्हल चुकते, याची मला भीती. पुढच्या वर्षी पुढची खोली करताना अर्ध्या इंचाचा फरक निघतो आणि मधल्या दारात कायमचा उंबरा तयार होतो.

वहिनी : मग लेव्हल एकदाच धरा की. पाण्याची नळी घ्या, सगळ्या घराला एकाच दिवशी खुणा करा. फरशी खोलीखोलीनं लागेल. पैसा हप्त्यानं येतो, लेव्हलला हप्ते कशाला?

भाऊजी : बरोबर. मोठ्या कामावर आम्ही हेच करतो. तयार भुईपासून एक मीटर उंचीवर सगळ्या भिंतींना एकच रेघ मारतो, तिला मीटर लेव्हल म्हणतात. ती चौकटींवर तेलरंगानं मारून ठेवू. कोणत्याही वर्षी, कोणताही मिस्त्री आला तरी त्याच रेघेवरून खाली मोजेल. पायरी, ओटा, न्हाणी, उंबरा, सगळ्यांची उंची आजच कागदावर येईल.

वहिनी : आता टाइलचं बोला. दुकानदार म्हणतो, चकचकीत घ्या, खोली मोठी दिसते.

भाऊजी : दिसते. पण ओल्या पायानं घसरते. न्हाणीतून ओल्या पायानं आई बाहेर येते. त्या दोन खोल्यांत खडबडीत, मॅट फिनिश. न्हाणीत त्याहून खडबडीत आणि आकारानं लहान, म्हणजे उतार नीट देता येतो. दुसरं, व्हिट्रिफाइड टाइल स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही. म्हणून ती डाग धरत नाही. पण त्याच कारणानं नुसतं सिमेंटचं पाणी ओतून ती नीट चिकटतही नाही. टाइलसाठीचा चिकट मसाला लागतो, दातेरी थापीनं सगळीकडं सारखा पसरलेला. चार कोपऱ्यांना चार गोळे ठेवून टाइल दाबली की मधे पोकळी राहते, तिथंच ती फुटते. आणि मिस्त्रीला जोड न सोडता बसवायला सांगू नका. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, टाइलला वाढायला जागा लागते. दोन-तीन मिलिमीटरचा जोड हवा, भिंतीच्या कडेला थोडा जास्त.

वहिनी : जोडात पांढरा मसाला भरायचा नाही. हळदीचं घर आहे. मार्च-एप्रिलमध्ये पायानं, पोत्यानं, हातानं हळद घरभर येते. टाइल पुसली की स्वच्छ होते, जोड पिवळे राहतात. अंगणातला डाग उन्हानं उडतो, घरातल्या जोडाला ऊन कुठलं? करडा भरायचा.

भाऊजी : हे कुठल्या दुकानदारानं सांगितलं नसतं. आणि निघालेल्या शहाबादीचं?

वहिनी : ती आत्ता निघणारच नाही, पुढच्या खोल्यांत आहे. निघेल तेव्हा एकही तुकडा बाहेर जाऊ द्यायची नाही. गोठ्यात, न्हाणीमागं कपडे धुवायच्या जागी, घराभोवतीच्या तुमच्या त्या पट्ट्याला लावायची. आणि ओसरीची शहाबादी मी काढणारच नाही. मेच्या दुपारी तिच्यावर पाठ टेकली की थंड वाटतं. आत्याबाई सांगतात, त्यांच्या सासऱ्यांनी ती मागवली तेव्हा राज्य निजामाचं होतं.

भाऊजी : हो. 1948 पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आणि शहाबाद तेव्हाच्या गुलबर्ग्यात, म्हणजे त्याच संस्थानात. तिथला करडा चुनखडक थराथरानं निघतो, पातळ लाद्या सहज सुटतात. त्यामुळं त्या मराठवाड्यातल्या घराघरांत आल्या. 1956 मध्ये राज्यं वेगळी झाली, फरशी मात्र येतच राहिली. ओसरीची ठेवायची असेल तर मी स्वतः उभा राहून उचलून, खाली मुरूम ठोकून, त्याच लाद्या पुन्हा बसवून घेतो. खर्च फक्त मजुरीचा.

वहिनी : आणखी एक. शेजारी काम चालू होतं तेव्हा मशिननं टाइल कापताना घरभर पांढरा धुरळा. ती बिगारी पोरं तोंडाला रुमाल बांधून त्यात उभी.

भाऊजी : त्या धुरळ्यात सिलिका असते, वाळूतला कण. वर्षानुवर्षं छातीत गेला तर फुप्फुसं कडक होतात, तो आजार बरा होत नाही. कापायचं काम बाहेर अंगणात, पात्यावर पाण्याची धार सोडून आणि चांगला मास्क देऊन. रुमालानं भागत नाही. मजुरी ठरवतानाच हे ठरवायचं, पाण्याची सोय आपण करायची.

वहिनी : करू. आता कागद घ्या आणि लिहा. पहिली यादी: न्हाणीचं पाणी दूर नेणं, मागच्या खोल्यांचा कोबा आणि काळी माती काढणं, पाइप, वायर, वाळवी, मुरूम, काँक्रीट. दुसरी यादी: मॅट टाइल, दरवाजे, जिन्याची पहिली पायरी, ओट्याची उंची, भिंतीच्या पायाला पट्टी. या दोन्हींचा पैसा एकत्र धरून जेवढ्या खोल्या बसतील, तेवढ्याच यंदा. तिसरी यादी: रंग, छताची नक्षी, नवं कपाट. ती आत्ता बंद.

भाऊजी : कायमची बंद?

वहिनी : एक पावसाळा जाऊ द्यायचा. ओल आली का, भेग पडली का, टाइल पोकळ वाजते का ते बघायचं. पावसाळ्यानंतरही ज्या गोष्टीची गरज वाटेल, तिचा विचार. तोवर बहुतेक गोष्टींची हौस विरलेली असते. पुढच्या पिकावर उचल घेऊन मात्र काहीच करायचं नाही.

भाऊजी : रंगाबद्दल माझा तुमच्याशी थोडा मतभेद आहे. खाचा पाडलेल्या भिंतींना निदान प्रायमर हवा, नाहीतर प्लास्टर ओल धरेल.

वहिनी : प्रायमर पहिल्या यादीत टाका. गुलाबी रंग तिसऱ्यातच राहील.

संवाद इथं संपवतो, कारण काम ठरलं. भाऊजींचा मुद्दा बरोबर आहे: फरशी सगळं झाकते, म्हणून जे झाकलं जाणार ते आधी सुधारलं पाहिजे. आपल्या काळ्या मातीवर, आपल्या हादरणाऱ्या पट्ट्यात हा नियम मोडणं महागात पडतं. वहिनींचा मुद्दाही तेवढाच बरोबर आहे: सगळं सुधारण्याची वाट पाहत राहिलं, तर घरात राबणाऱ्या बाईची पाळी कधीच येत नाही. शेताच्या खर्चाला पहिला मान आणि भुईच्या खर्चाला 'पुढच्या वर्षी', ही आपल्याकडची जुनी सवय सोडायला हवी.

दोन्ही मुद्दे एकत्र धरता येतात. कामाचा क्रम बांधकाम जाणणाऱ्यानं सांगावा. कुठून सुरू करायचं आणि कुठं थांबायचं, हे मात्र ज्या माणसाचा दिवस त्या भुईवर जातो त्यानं ठरवावं. त्यामुळं यंदा घरात फरशीचा विषय निघाला, तर दुकानात जाण्याआधी तीन याद्या करा: झाकलं जाणारं, फरशीबरोबर बदलणारं आणि नुसतं डोळ्यांना हवंसं वाटणारं. पहिल्या दोन्हींची किंमत एकत्र काढा, जमेल तेवढ्याच खोल्या घ्या आणि लेव्हलची रेघ मात्र सगळ्या घराला मारा. पेन्सिल घरातल्या बाईच्या हातात द्या.